लिंबूसरांचा बेसबॉल

गवत माझ्या गुडघ्याला लागत होतं. सिंगापुरात गवत एवढं वाढू देत नाहीत. वाढलं, म्हणजे त्या जागेवरचं लक्ष उठलं असं समजायचं.

आमची जुनी शाळा दुसऱ्या एका शाळेत विलीन झाली. इमारत रिकामी करून परत द्यायची होती. त्याआधी एका शनिवारी जुन्या शिक्षकांना येऊन बघून जा म्हणाले, म्हणून मी गेले. वर्ग बघितले नाहीत. जिन्यातून कँटीनच्या बाजूने सरळ मागे मैदानावर आले. वुडलँड्सच्या त्या टोकाला पलीकडे मलेशियात, जोहोरकडे जाणाऱ्या लॉऱ्यांची घरघर दिवसभर असते. ती होती. कुंपणापलीकडच्या झाडावर कोकीळ ओरडत होता. इथला कोकीळ कुठल्याही ऋतूची वाट बघत नाही, कारण ऋतूच नाहीत. आमचे ऋतू शाळेने ठरवलेले. परीक्षेचा एक, सुट्टीचा एक, धुरकट हवेचा एक. आणि एका वर्षी, जूनच्या सुट्टीनंतर, बेसबॉलचा एक.

तो ऋतू आठवला की मला आधी वास येतो. कापलेल्या ओल्या गवताचा, तांबड्या चिखलाचा, आणि चामड्याच्या जुन्या ग्लव्हजमध्ये साठून राहिलेल्या मुलांच्या घामाचा. मग अ‍ॅल्युमिनियमच्या बॅटचा आवाज. ठण्ण. आणि मग माझी मुलगी दिसते, डोक्यापेक्षा मोठं हेल्मेट घातलेली, दोन्ही तळवे स्कर्टला पुसणारी.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं सांगायला बरं पडेल. माझी मुलगी इरा मला ‘कसं झालं?’ असं कधी विचारत नाही. बाकी सगळं बोलते. ऑफिसातल्या गमती सांगते, माझ्या चष्म्याला हसते, रविवारी पोहे मागते. पण तिने काही केलं, काढलं, लिहिलं, नवा ड्रेस घातला, तर ते कसं झालंय हे ती बाबाला विचारते, मैत्रिणीला विचारते, मला नाही. तिच्या तेराव्या वर्षापासून. आणि त्याचं कारण मी आहे. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. आमच्या घरात न बोलण्याची सवय माझ्याकडूनच आलेली आहे.

*

त्या वर्षाचे पहिले काही आठवडे आम्ही नोव्हेनाला काढले. त्याबद्दल इथे लिहीत नाही. एवढंच की तिथल्या हॉस्पिटलच्या लिफ्टचा टिंग असा आवाज अजूनही कुठल्या मॉलमध्ये ऐकू आला तर माझा हात आपोआप शेजारी कुणाचा तरी हात शोधतो. इरा बरी झाली. डॉक्टरांनी शेवटच्या भेटीत स्वच्छ सांगितलं की आता सगळं करू दे, खेळू दे, पळू दे. तिच्या बाबाने, प्रसादने, ते ऐकलं. मी ऐकलं नाही. म्हणजे कानांनी ऐकलं.

मी तिच्याच शाळेत गणित शिकवायचे. तिच्या वर्गाला नाही, शेजारच्या. जूनच्या सुट्टीनंतर आमचे सायन्सचे मिस्टर लिम एक कल्पना घेऊन स्टाफरूममध्ये आले. तरुणपणी ते तैवानमध्ये शिकायला होते आणि तिथून बेसबॉलचं वेड घेऊन आले होते. माध्यमिक दुसरीच्या वर्गांना, म्हणजे तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना, एक पूर्ण टर्म सगळे विषय बेसबॉलमधून शिकवू या, असं त्यांचं म्हणणं. प्रिन्सिपल म्हणाल्या, पण आपल्याकडे हा खेळ कुणाला येतो? लिम म्हणाले, “त्येच तर बरं, लाह. कुणालाच येत नाही, म्हणजे सगळे पहिल्या बाकावर.” मी मराठीत लिहिते म्हणून ते मराठी बोलल्यासारखे वाटतात. बोलायचे ते इंग्रजी, पण त्यांच्या इंग्रजीला असाच हेल होता.

घरी आम्ही त्यांना लिंबूसर म्हणायचो. लिमसर, लिमूसर, लिंबूसर, असं ते नाव इराच्या जिभेवर घरंगळत गेलं होतं. बारीक, पिवळट गोरे, आणि चेहरा कायम काहीतरी आंबट खाल्ल्यासारखा. नाव बसलं ते बसलंच.

भूगोलाच्या बाईंनी त्या टर्मला बेसबॉलचा चेंडू चिरला. आतून लोकर निघाली. धागा संपेचना. मुलांनी तो व्हरांड्यातून नेला, जिन्याच्या कठड्याला गुंडाळला, खाली कँटीनपर्यंत उतरवला, आणि नूडलवाल्या आजींच्या गाडीपाशी तो संपला. मग नकाशावर खुणा केल्या. लोकर कुठून येते, कातडं कुठून, मधलं बूच कुठल्या झाडाचं. इंग्रजीच्या तासाला मुलं समालोचन लिहायची. माझ्या वाट्याला मैदान आलं होतं. बेसबॉलच्या मैदानाला हिरा म्हणतात, पण तो नुसता कोपऱ्यावर उभा केलेला चौकोन असतो. कोपऱ्यांना बेस म्हणतात, आणि जिथे बॅट धरतात आणि फेरी मारून परत येतात त्या कोपऱ्याला घर. मुलांना ते आपणहून कळावं म्हणून मी दोरी दिली आणि म्हटलं, घरापासून दुसऱ्या बेसपर्यंत न चालता अंतर काढा. त्या दिवशी पायथागोरस चिखलात बसून शिकवला. तसा तास मी पुन्हा कधी घेतला नाही.

आणि लिंबूसरांचा तो बॅटचा तास. त्यांनी बॅट मुठीत सैल टांगली आणि लाकडी हातोडीने खालपासून वरपर्यंत टकटक करत गेले. एकेका मुलाला मूठ धरायला लावली. बहुतेक ठिकाणी हाताला झिणझिण्या येतात. एका जागी येत नाहीत. चेंडू तिथे बसला की हाताला काही कळतच नाही, चेंडू मात्र लांब जातो. त्या जागेला स्वीट स्पॉट म्हणतात. इराने घरी येऊन लाटणं टांगलं आणि चमच्याने वाजवून मला तो सगळा तास दिला. लाटण्याला कुठेच गोड जागा सापडेना. म्हणाली, “आपलं लाटणं सगळीकडून कडू आहे.”

प्रसाद आणि ती क्रिकेट बघत मोठे झालेले. प्रसाद आधीच मोठा होता, पण म्हणायची पद्धत. पहिल्या दिवशी इराने चेंडू टोलवला आणि बॅट हातात घेऊनच पळत सुटली, आणि पहिल्या बेसवर जाऊन क्रीजमध्ये टेकवावी तशी ती बॅट टेकवली. सगळं मैदान हसलं. लिंबूसर ओरडले, “बॅट टाक ग बाई, हँडबॅग नाहीये ती.” तीही हसली. किती दिवसांनी हसली होती. आणि मला मात्र दिसत होतं ते तिचं धपापणं.

*

सिंगापुरात आभाळ भरून आलं की मैदानावर वीज पडण्याचा इशारा देणारा भोंगा वाजतो. भोंगा वाजला की खेळ थांबवून सगळ्यांनी शेडखाली यायचं, तो बंद होईपर्यंत. अशाच एका थांबलेल्या दुपारी, मुलं पलीकडे गलका करत असताना, मी लिंबूसरांना ते सांगितलं.

चिंचवडला आमच्या कॉलनीत लगोरी, आबाधुबी, लंगडी, काहीही खेळताना कुणाचं तरी धाकटं भावंड मागे लागलेलं असायचं. त्याला खेळात घ्यायचं, पण मोजायचं नाही. तो आऊट झाला तरी आऊट नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. त्याला म्हणायचं कच्चा लिंबू. मी स्वतः बरीच वर्षं कच्चा लिंबू होते. रॉकेलच्या दुकानामागचं ते पटांगण, संध्याकाळी सगळ्या घरांतून येणारा फोडणीचा वास, आणि कुणीतरी मोठ्याने म्हणायचं, ए, ती कच्चा लिंबू आहे, तिला सोडा. किती सुरक्षित वाटायचं त्यात.

लिंबूसरांनी तो शब्द इंग्रजीत करून जिभेवर घोळवला. रॉ लेमन. त्यांना आवडला. इरालाही तसंच खेळवा, मी म्हटलं.

“कॅन,” ते म्हणाले, म्हणजे जमेल. “मुलांना सांगतो.”

“तिला नका सांगू.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. “तुमच्याकडे सांगत नाहीत?”

सांगतात. तेच तर. आमच्या पटांगणात कच्चा लिंबू कधी चोरून ठेवलेला नव्हता. सगळ्यांसमोर जाहीर करायचे, आणि त्या पोराला स्वतःला ते सगळ्यात आधी माहीत असायचं. म्हणून तर एखाद्या संध्याकाळी ते पोर कमरेवर हात ठेवून म्हणू शकायचं की आजपासून मी कच्चा लिंबू नाही. मीही म्हटलं होतं. त्या संध्याकाळी मी लगेच आऊट झाले आणि घरी येताना उड्या मारत आले.

हे सगळं मला शेडखाली माहीत होतं. तरी मी म्हटलं, “नको. तिला वाईट वाटेल.”

भोंगा थांबला.

*

मुलांनी ते काम फार प्रेमाने केलं. इराची पाळी आली की नूर, तिची जिवलग मैत्रीण, मधल्या जागेवरून हळूच ओरडायची, “लेमन!” आणि मैदान सैल व्हायचं. चेंडू मंद यायचा. झेल हातातून निसटायचे. थ्रो बेसवरून तीन हात बाजूने जायचे. चेंडू धरणं सोपं असतं, तो पटेल असा सोडणं अवघड. नूर त्यात पटाईत झाली. एकदा तिने झेल सोडून वर स्वतःवरच चिडून पाय आपटला, तेव्हा मी, तिथे अंपायर म्हणून उभी असलेली, तोंड फिरवून हसले. इराला वाटायचं, लेमन म्हणजे लिंबूसरांच्या नावावरून काहीतरी. आमच्या घरातलं नाव बाहेर फुटलं म्हणून ती उलट खूश होती.

शाळेच्या कागदांवर इराची मातृभाषा हिंदी. मराठी हा विषय शाळेत नाही, म्हणून आमच्या बहुतेक मुलांची मातृभाषा शाळेत हिंदी असते आणि घरी मराठी. घरची मराठी स्वयंपाकाची, आजारपणाची, रागावण्याची. पटांगणावरची मराठी तिला कुठून मिळणार? ती ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत नूरबरोबर वाढली. हा शब्द तिला येत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. त्याच भरवशावर तर सगळं चाललं होतं.

त्या दिवसांतलं घर आठवतं. दारात चिखलाचे बूट, मोज्यांतून सांडलेलं गवत, वरण-भाताची वाफ, आणि तिची अखंड बडबड. बेसबॉलमध्ये गोलंदाजाचं लक्ष नसताना पुढच्या बेसवर पळून जाता येतं, त्याला चोरी म्हणतात.

“बाबा, आज मी दोन चोऱ्या केल्या.”

“पकडली नाही ना कुणी?” प्रसाद म्हणाला.

“कुणीच नाही.”

मी पानात भात वाढत होते. वाढतच राहिले. प्रसाद म्हणाला, अगं पुरे, मी काय लग्नाला आलोय?

आणि मग ती विचारायची. रोज विचारायची. आई, कसं झालं आज? तू होतीस ना, बघितलंस ना? मी म्हणायचे, मस्त. अगदी मस्त झालं. एकदा तिने तळवे पुढे केले. लाल झालेले. म्हणाली, रोज झिणझिण्या येतात, आई. म्हणजे चेंडू गोड जागेवर बसतच नाहीये. मग मी घरी कशी पोचते?

मी म्हटलं, सवय होईल ग हळूहळू.

तिचा त्या दिवसांतला आनंद खरा होता की खोटा, हे मला अजून ठरवता येत नाही. हसू तर खरं होतं. गालांवरचा रंग खरा होता. रात्रीची झोप खरी. मग खोटं नेमकं काय होतं? मी गणिताची बाई, मला एवढं सोपं उत्तर येत नाही.

*

टर्म संपत आली तेव्हा आमच्या मराठी मंडळींची ईस्ट कोस्टला सहल होती. समुद्रावर दूरवर जहाजं उभी, सुरूची झाडं, डब्यातला चिवडा दमट हवेने मऊ पडलेला. कुणीतरी हौसेने घरातल्या फुटक्या फरशांचे तुकडे आणले होते. लगोरी मांडली. पोटं सुटलेले बँकवाले आणि आयटीवाले काका लोक पँटी दुमडून धावत होते. एक चार वर्षांचा मुलगा मध्येच शिरला, चेंडू त्याच्या पाठीला लागला, आणि पाटणकरकाका ओरडले, “चालू द्या, चालू द्या, तो कच्चा लिंबू आहे.”

इरा माझ्या शेजारी चटईवर होती. तिने पाटणकरकाकांनाच विचारलं, म्हणजे काय काका?

“रॉ लेमन,” ते धापा टाकत म्हणाले. “सगळ्यांबरोबर खेळतो, पण त्याचं काही धरायचं नाही. लहान आहे ना.”

 हातातली कागदी डिश इराने खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही, हे मला जास्त लक्षात आहे. समुद्राकडे बघत तिने एका तळव्याने दुसरा तळवा चोळला.

परतताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, आम्ही शेजारी बसलो. आंग मो किओच्या आसपास गाडी उन्हात आली तेव्हा तिने फक्त एवढंच विचारलं, “आई, लिंबूसरांना मराठी येतं?”

“नाही ग,” मी म्हटलं.

बस. पुढे वुडलँड्सपर्यंत दोघी खिडकीबाहेर बघत होतो.

तेव्हा बोलायला हवं होतं. जागा होती, वेळ होती, गाडी जवळजवळ रिकामी होती. मी पर्स उघडून उगाच कार्ड शोधलं.

*

शेवटचा खेळ पुढच्या आठवड्यात होता. पालक बघायला आले होते. आभाळ झाकोळलेलं, पण भोंगा वाजला नव्हता. मी नेहमीप्रमाणे पहिल्या बेसपाशी अंपायर. इराची पाळी आली. नूरने तोंड उघडलं आणि इराने बॅट उचलून तिच्याकडे रोखली.

“नूर. डोन्ट लेमन मी, हां.”

नूरने माझ्याकडे बघितलं. मग लिंबूसरांकडे. मग तिने टोपी घट्ट केली.

चेंडू वेगात आला. इराने मारला. आवाज चांगला नव्हता, बसकाच होता, चेंडू जमिनीवरून नूरकडे गेला. नूरने तो उचलला आणि पहिल्या बेसवर असा सरळ फेकला की ग्लव्हमध्ये फट् वाजलं. मग इराचा पाय बेसवर पडला. या क्रमाने. आधी फट्, मग पाय, म्हणजे आऊट. मी दोन पावलांवर उभी होते. माझ्याइतकं स्वच्छ कुणालाच दिसलं नसेल.

मी दोन्ही हात आडवे पसरले. सेफ.

का, ते विचारू नका. माझ्या मनाने ठरवायच्या आधी हात गेले. ती धापा टाकत होती, ओठ पांढरे झाले होते, आणि माझे हात गेले.

 पालकांमधून थोड्या टाळ्या आल्या. इरा बेसवर उभी होती. तिने माझ्या पसरलेल्या हातांकडे बघितलं, नीट, एखादं चित्र बघावं तसं. मग हेल्मेट काढलं, काखेत धरलं आणि बाकाकडे चालू लागली. प्रसादने तिला ते शिकवलं होतं. क्रिकेटमधली जुनी खानदानी रीत. आपण आऊट आहोत हे आपल्याला माहीत असलं की अंपायरकडे बघायचं नाही, चालू लागायचं.

लिंबूसर गोंधळले. असं कुणी बेसबॉलमध्ये करत नाही. ते तिच्या मागे गेले, “सेफ दिलंय तुला. वॉक का करतेस? वॉक म्हणजे इथे बेस फुकट मिळणं असतं.”

“आय अ‍ॅम आऊट, सर,” ती म्हणाली. रडली नाही. पाणी प्यायली.

खेळ संपल्यावर व्हरांड्यात, मी चेंडूंची पिशवी घेऊन येत होते, तेव्हा लिंबूसर तिच्याशी बोलताना दिसले. त्यांनी मला येताना बघितलं होतं. माझा चेहराही बघितला असणार. ते तिला म्हणाले, “लेमन माझी आयडिया होती. माझी चूक. तुझ्या आईवर रागावू नको.”

इराने माझ्याकडे बघितलं. वाट बघितली, असं आता वाटतं. मी पिशवीचा नाडा बांधत होते. तो आधीच बांधलेला होता.

“ओके, सर,” ती म्हणाली.

त्या संध्याकाळी जेवताना तिने प्रसादला सांगितलं की ती आऊट झाली. प्रसाद म्हणाला, चांगला थ्रो होता का? ती म्हणाली, भारी. नूर भारी खेळते. मला तिने काही विचारलं नाही. मला वाटलं, दमली असेल. दुसऱ्या दिवशीही नाही विचारलं. मग परीक्षा आल्या, धुरकट हवा आली, खिडक्या बंद झाल्या.

लिंबूसर काही वर्षांनी निवृत्त झाले आणि मुलाकडे पर्थला गेले. चिनी नववर्षाला त्यांचा संत्र्यांचा फोटो येतो. मी हात जोडलेलं चिन्ह पाठवते. त्यांना एकदा तरी लिहायला हवं होतं, की तुम्ही माझी चूक उचललीत आणि मी ती उचलू दिली. दर वर्षी वाटतं. दर वर्षी हात जोडते.

*

त्या शनिवारी मैदानावर बराच वेळ उभी होते. घराची जागा शोधत होते, म्हणजे होम प्लेटची. सापडली नाही. गवताखाली सगळं सारखं झालंय. जिथे मी हात पसरून उभी राहिले ती जागा मात्र पायांना बरोबर कळली, कारण तिथून कँटीनचा खांब आणि पाण्याची टाकी एका रेषेत येतात.

घरी आले आणि कुणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. इरा आंग मो किओला इलेक्ट्रॉनिक्सच्या कंपनीत आहे, तिकडेच मैत्रिणींबरोबर राहते, रविवारी जेवायला येते. जेवण झालं, प्रसाद आत आडवा झाला, मी टेबल पुसत होते. ती फोनकडे बघत म्हणाली, “नूरचं लग्न आहे पुढच्या शनिवारी. मला बोलायचंय. पाच मिनिटं ऐकतेस?”

मी फडकं हातात घेऊन बसले.

ती उभी राहून वाचू लागली. इंग्रजीत, तिच्या त्या लाह-लोर घातलेल्या इंग्रजीत. आधी नूरच्या आईच्या करी पफबद्दल. मग ब्लॉकखालच्या खेळांबद्दल. मग बेसबॉल आला. एका आजारातून उठलेली मुलगी, तिला कुणी आऊटच करेना, आणि सोंग करून झेल सोडणारी ही नवरी. पुढे कुठल्याही नाटकात हिला बक्षीस मिळालं नाही हा अन्याय आहे, असं काहीतरी. मजेदार लिहिलं होतं. आणि मग ते वाक्य आलं. ही सगळी आयडिया आमच्या सायन्सच्या सरांची, ज्यांचं नावच लिंबू. माझी आई बिचारी नुसती अंपायर होती.

ती पुढे वाचत गेली. शेवटी ती म्हणते की मला आयुष्यात पहिल्यांदा खरंखुरं आऊट नूरने केलं, आणि त्या दिवसापासून तिच्या प्रत्येक शब्दावर मी विश्वास ठेवते.

वाचून झालं. तिने फोन खाली घेतला. पंखा फिरत होता. समोरच्या ब्लॉकमध्ये कुणीतरी बांबूवर कपडे वाळत घालत होतं.

“कसं झालंय?” तिने विचारलं.

सहज निघालं असेल तिच्या तोंडून. घरात दुसरं कुणी जागं नव्हतं. पण निघालं. मला फक्त ‘मस्त’ म्हणायचं होतं. तयार होतं तोंडात.

“एक चूक आहे,” मी म्हटलं.

“कुठे?”

“सरांची आयडिया नव्हती ती. माझी होती. शब्द माझा. तुला सांगायचं नाही, हेही माझंच. आणि त्या दिवशी तू आऊट होतीस, इरा. मला दिसलं होतं.”

ती उभीच होती. मला वाटलं, ती आता आत जाईल, किंवा हसून उडवेल, किंवा म्हणेल जाऊ दे ना आई, किती वर्षं झाली. त्यातलं काहीच झालं नाही. तिने खुर्ची ओढली आणि माझ्या समोर बसली.

“माहितीये मला,” ती म्हणाली. “सरांना मराठी कुठे येतं?”

“तेव्हा म्हणायला हवं होतं मी. तू थांबली होतीस.”

“हो. थांबले होते.”

एवढंच. तिचा आवाज साधा होता. त्यात माफी नव्हती आणि रागही नव्हता. एखादी गोष्ट जिथे होती तिथेच आहे, हे बघून आल्यासारखा. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही. उलट भूक लागल्यासारखं झालं.

तिने फोन पुन्हा हातात घेतला. अंगठे चालले. पुसलं, लिहिलं, पुन्हा पुसलं.

“ही सगळी आयडिया माझ्या आईची,” तिने वाचलं. “ती गणित शिकवायची, आणि तिने मला मोजायचं नाही असं ठरवलं होतं.” माझ्याकडे बघितलं. “तू लग्नाला येणारेस. लोक तुझ्याकडे वळून बघतील.”

“बघू देत.”

“बरं.” तिने ते तसंच ठेवलं. मग म्हणाली, “आणि बाकीचं?”

“बाकीचं लांबलंय थोडं. मध्ये करी पफ दोनदा येतात.”

“दोन्ही चांगले आहेत पण.”

“दुसरा नाही एवढा चांगला.”

तिला जरा लागल्यासारखं झालं. ओठ मुडपले. मग खुर्ची सरकवून माझ्या बाजूला आली आणि फोन आमच्या दोघींच्या मध्ये टेबलावर ठेवला.

“दाखव,” म्हणाली. “कुठून काढू?”